स्लो-मोशनसाठी कॅमेरा घेताना: आधी मैदानावरचे दिवे, मग खोक्यावरचा आकडा

कबड्डीत चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला का, गोलंदाजाची टाच क्रीझच्या आत पडली का, मल्लखांबावरून उतरताना हात नेमका कधी सुटला, असल्या गोष्टी नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. त्यासाठीच स्लो-मोशन लागतं. दुकानात गेलं की १२०, २४०, ९६० असे आकडे (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची संख्या) समोर येतात आणि जितका मोठा आकडा तितका भारी कॅमेरा, असं वाटायला लागतं. पण नवख्या माणसाचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: हॉलमधला उजेड पुरत नाही आणि दिवे लुकलुकतात. या दोन्हींचा खोक्यावर उल्लेख नसतो. म्हणून निवड उलट्या बाजूने करायची. आधी खेळ, मग उजेड, मग दिव्यांचा प्रकार आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा.

१. किती हळू हवं ते आधी ठरवा

हिशेब साधा आहे. ज्या फ्रेम रेटने चित्रण केलं त्याला ज्या फ्रेम रेटने दाखवणार त्याने भागायचं. १२० फ्रेम्सचं चित्रण ३० च्या टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये व्हिडिओ मांडायची पट्टी) टाकलं तर चौपट हळू, २४० चं आठपट. २५ ची टाइमलाइन असेल तर १०० फ्रेम्स म्हणजे चौपट आणि २०० म्हणजे आठपट.

आता हा हिशेब खेळाला लावून बघा. खेळाडूने अर्धा मीटर उंच उडी मारली तर तो हवेत साधारण ०.६४ सेकंद असतो. १२० फ्रेम्सवर घेतलेली ही उडी पडद्यावर अडीच सेकंद चालते, २४० वर पाच सेकंद आणि ९६० वर वीस सेकंदांच्या वर. वीस सेकंद एकच उडी कोण बघणार? माणसाच्या शरीराची हालचाल दाखवायची असेल, म्हणजे चढाईतलं वळण, पकड, कुस्तीतला डाव, मल्लखांबाची उडी, तर १०० ते १२० फ्रेम्स पुरतात. २४० हाताशी असलेलं बरं. त्यापुढची गरज क्वचितच पडते.

चेंडूचं गणित वेगळं. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. १२० वर दोन फ्रेम्सच्या मध्ये तो ३२ सेंटिमीटर पुढे सरकतो, २४० वर १६ आणि ९६० वर ४. बॅट आणि चेंडूचा संपर्क जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो. २४० वर दोन फ्रेम्समधलं अंतरच चार मिलिसेकंदांच्या वर आहे, म्हणजे चार चेंडूंपैकी एखाद्यात तो क्षण हाती लागला तर लागला. फिरकीची शिवण मात्र २४० वर छान दिसते. मिनिटाला २००० फेऱ्या घेणारा चेंडू एका फेरीत सात फ्रेम्स देतो, १२० वर साडेतीनच. चेंडू फेकतो की टाकतो हा वाद मात्र बाजूला लावलेल्या एका कॅमेऱ्याने सुटत नाही. कोपराचा १५ अंशांचा नियम तपासायला प्रयोगशाळेत बऱ्याच कॅमेऱ्यांनी त्रिमितीय मोजमाप करतात. क्लबच्या नेटमध्ये २४० फ्रेम्सचा व्हिडिओ दाखवून कुणावर ठपका ठेवू नका.

फायलींच्या लांबीचाही विचार आत्ताच करा. ३० सेकंदांची एक चढाई २४० वर घेतली तर ७२०० फ्रेम्स होतात आणि पडद्यावर ती चार मिनिटं चालते. पूर्ण सामना स्लो-मोशनमध्ये घेणाऱ्याला संध्याकाळी काम सुचत नाही.

२. शटर आणि उजेड

शटर स्पीड (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते) ठरवायची जुनी रीत म्हणजे फ्रेम रेटच्या दुप्पट. १२० ला १/२५०, २४० ला १/५००. यापेक्षा शटर मंद ठेवलं तर कडा पुसट होतात, फार जलद ठेवलं तर हालचाल तुटक दिसते. तंत्र तपासायला घेतलेल्या चित्रणात हा तुटकपणा चालतो, उलट १/१००० वर पाय आणि हात जास्त स्वच्छ दिसतात. बघायला छान वाटणाऱ्या व्हिडिओत तो खटकतो.

शटर जलद झालं की प्रत्येक फ्रेमला मिळणारा उजेड घटतो. नेहमीच्या २५ फ्रेम्स आणि १/५० वरून १०० फ्रेम्स आणि १/२०० वर गेलात की दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड एक चतुर्थांश उरला. १/५०० वर तो एक दशांश राहतो.

उन्हात याची काळजी नाही. काळजी असलीच तर उलट दिशेने आहे. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं भोक) बहुतेक वेळा बदलता येत नाही, ते एफ/२.५ किंवा एफ/२.८ असं मोठंच असतं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). भर दुपारी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० वर असा कॅमेरा शटर १/४००० च्या आसपास नेतो. नदीचे उडणारे थेंब खड्यांसारखे टोकदार दिसतात, पण हालचाल झटके देत पुढे सरकते. २४० फ्रेम्सला १/५०० पाहिजे असेल तर एनडी ८ चा फिल्टर (उजेड अडवणारी काळी काच) लावा, १२० ला एनडी १६.

खरी अडचण हॉलमध्ये येते. फोनवरचं लक्समापक (उजेड मोजणारं) अ‍ॅप मॅटच्या मधोमध धरून बघा. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाज येतो. ३०० लक्स मिळत असतील तर एफ/२.८ आणि १/२५० ला आयएसओ साधारण १६०० लागतो, १/५०० ला ३२००. आता तोच कॅमेरा घेऊन त्यावर किटसोबत आलेली झूम लेन्स लावा, जी टोकाला एफ/५.६ होते. १/२५० लाच आयएसओ ६४०० च्या वर जातो. गावातल्या रात्रीच्या सामन्यात दीडशे लक्स असले तर हे सगळे आकडे दुप्पट.

म्हणून हॉलमधलं चित्रण करणाऱ्याने बॉडीवरचे पैसे थोडे कमी करून एफ/२.८ ची, नाहीतर एफ/१.८ ची एकाच फोकल लांबीची (झूम नसलेली) लेन्स घ्यावी. अनेकजण उलटं करतात. महागडी बॉडी, सोबत आलेली लेन्स आणि मग चित्रात दाणे दिसले की कॅमेऱ्याला शिव्या.

३. दिव्यांची लुकलुक

हा भाग वगळू नका. सगळ्यात जास्त चित्रण इथेच फुकट जातं आणि नंतर ते दुरुस्त करणं त्रासाचं असतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १२० फ्रेम्सवर चित्रण केलं की प्रत्येक फ्रेम या चढउताराच्या वेगळ्या ठिकाणी पडते, त्यामुळे चित्राचा उजेड सेकंदाला २० वेळा हेलकावतो. तेच चौपट हळू केलं की सेकंदाला पाच ठोके, आणि ते डोळ्यांना भयंकर खुपतात. २४० वर आठपट हळू केल्यावर साडेबारा ठोके होतात. थोडे कमी खुपतात, पण लपत नाहीत.

१०० फ्रेम्सवर मात्र दिव्याचा एक पूर्ण फेरा आणि एक फ्रेम यांचा मेळ बसतो. प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो आणि चित्र स्थिर राहतं. म्हणून भारतात दिव्यांखाली स्लो-मोशन करायचं तर कॅमेऱ्यात १०० फ्रेम्सचा पर्याय आहे का, हे २४० किंवा ९६० पेक्षा आधी बघायचं. मिररलेस (लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत तो पाल पद्धत (५० हर्ट्झच्या देशांतली व्हिडिओ पद्धत) निवडली की उघडतो. गोप्रोमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा, मग १२० च्या जागी १०० आणि २४० च्या जागी २०० दिसतील. काही कॅमेरे पद्धत बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, तेव्हा सामना सुरू असताना हा बदल करू नका.

अनेक फोनच्या स्लो-मो मोडमध्ये १२० आणि २४० एवढेच पर्याय असतात. उन्हात हेच फोन उत्तम काम करतात, हॉलमध्ये अडकतात.

शटर १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेम दिव्याचा पूर्ण फेरा पकडते आणि पट्टे येत नाहीत. किंमत एवढीच की जलद हात पुसट दिसतो. सेकंदाला आठ मीटरने जाणारा चढाईपटूचा हात १/१०० मध्ये आठ सेंटिमीटर पुसला जातो, १/२०० मध्ये चार. १/२०० वर उजेड स्थिर राहतो, पण चित्रावर मंद आडवे पट्टे दिसू शकतात आणि ते हळूहळू सरकतात. सरकायचं कारण म्हणजे ग्रिडची वारंवारता ५० वर खिळलेली नसते. तिचा मान्य पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे. पट्टे हलके असतील तर १/२०० घ्या, ठळक असतील तर १/१०० वर या.

२०० फ्रेम्सवर एकाआड एक फ्रेम उजळ आणि काळपट पडण्याची शक्यता असते. साधे दिवे असतील तर २०० वापरू नका.

दिव्यांच्या जातीही वेगळ्या. चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी जवळपास लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली २४० सुद्धा स्वच्छ येतं. स्वस्त एलईडी फ्लडलाइट जुन्या ट्यूबपेक्षाही वाईट असू शकतात. मोठ्या स्टेडियमात दिवे तीन फेजवर वाटलेले असतात, त्यामुळे एकाचा उजेड उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढलेला असतो आणि एकूण लुकलुक बरीच कमी होते. गावच्या स्पर्धेत सगळे दिवे एकाच फेजवर असले की सगळे मिळून एकदम मिचकतात. शिवाय वीज जनरेटरची असेल तर ५० हर्ट्झचाही भरवसा नाही. लोड बदलला की वारंवारता बदलते आणि १०० फ्रेम्सवरही पट्टे धावायला लागतात.

ताडून बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. आदल्या दिवशी, ज्या वेळी सामना आहे त्याच वेळी हॉलमध्ये जा. फोन २४० फ्रेम्सच्या स्लो-मो मोडवर ठेवून एकाच दिव्याचा उजेड पडलेल्या पांढऱ्या भिंतीवर धरा आणि पाच सेकंद घ्या. भिंत स्थिर दिसली तर काळजी मिटली. धडधडली तर १०० फ्रेम्सची तयारी ठेवा. मग मॅटच्या चारी कोपऱ्यांत तेच करा. एखाद्या बाजूचे दिवे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असं बऱ्याचदा निघतं, आणि कॅमेरा कुठे लावायचा ते तिथेच ठरतं.

४. मोठ्या आकड्यामागे काय कापलं जातं

सेन्सरला (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण वाचणं झेपत नाही, म्हणून कुठेतरी काटछाट होते. पुढच्या गोष्टी प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत शोधा.

क्रॉप: जास्त फ्रेम रेटला सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो, लेन्स अचानक जास्त झूम झाल्यासारखी वाटते आणि मागे सरकायला जागा नसते.

ओळी गाळणं: सेन्सरच्या काही ओळी वाचल्याच जात नाहीत. चित्र नावाला १०८०पी (पूर्ण एचडी) असतं, पण जर्सीवरच्या बारीक रेघांवर रंगीत लाटा उठतात.

ऑटोफोकस: काही कॅमेऱ्यांत स्लो-मोशन सुरू झालं की फोकस सुरुवातीच्या अंतरावरच अडकतो. कबड्डीसारख्या पुढे-मागे होणाऱ्या खेळात हे फार महागात पडतं.

वेळेची मर्यादा: सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, पाल पद्धतीत २५०, ५०० आणि १००० फ्रेम्स मिळतात, पण एका वेळी काही सेकंदच. चौथ्या आवृत्तीत १००० वर सेन्सरकडून प्रत्यक्षात ११३६ × ३८४ एवढंच चित्र येतं आणि ते ताणून पूर्ण एचडी केलं जातं. त्या कॅमेऱ्यांतली एक सोय मात्र खरंच कामाची आहे: बटण दाबल्यावर आधीचे काही सेकंद जपून ठेवणारा पर्याय. पकड झाली, मग बटण दाबलं, तरी पकड मिळते. हा पर्याय निवडायला नवखे विसरतात आणि बटणामागे धावत राहतात.

सॉफ्टवेअरने भरलेल्या फ्रेम्स: अनेक फोनवरचे '९६०' खरे ९६० नसतात. कॅमेरा कमी फ्रेम्स घेतो आणि मधल्या फ्रेम्स अंदाजाने रंगवतो. एकटा धावपटू मोकळ्या आभाळापुढे असेल तर फसवणूक कळत नाही. पण चार बचावपटू एका चढाईपटूवर तुटून पडले की हातापायांची भेसळ होते, बोटं विरघळतात, रेषा वाकते. पायाचं बोट रेषेला लागलं का हे बघायला असं चित्र निरुपयोगी, कारण नेमकी ती फ्रेम कधी घडलेलीच नसते.

एक गोष्ट मात्र स्लो-मोशनच्या बाजूने जाते. १२० फ्रेम्सवर सेन्सरला एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांच्या आत वाचून संपवावीच लागते. त्यामुळे बॅट वाकडी दिसण्यासारखे रोलिंग शटरचे (सेन्सर ओळीओळीने वाचल्यामुळे येणारे) दोष याच कॅमेऱ्याच्या साध्या ४के चित्रणापेक्षा इथे अनेकदा कमी दिसतात.

५. कुठल्या जातीचा कॅमेरा

फोन: उन्हातलं चित्रण आणि तंत्र सुधारणं एवढंच काम असेल तर नवीन काही घेऊ नका. २०१७ च्या आयफोन ८ पासून १०८०पी २४० आहे, अँड्रॉइडमध्येही मधल्या किमतीत १२० सहज मिळतं. वाचलेल्या पैशात ट्रायपॉड घ्या.

अ‍ॅक्शन कॅमेरा: राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, सायकल, रॅपलिंग यांसाठी. गोप्रो हीरो१२ ब्लॅक ४के १२० आणि २.७के २४० देतो. हीरो१३ ब्लॅकमध्ये ७२०पी वर ४०० फ्रेम्सचा झटपट मोड आहे, तोही १५ सेकंदांपुरता. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ हा ४के १२० आणि १०८०पी २४० देतो, सेन्सरही थोडा मोठा आहे, म्हणून ढगाळ हवेत किंवा दाट झाडीत जरा बरा पडतो. या सगळ्यांची लेन्स अतिरुंद असते. तीन मीटरपलीकडचा माणूस बारीक दिसतो आणि हळू केल्याने मोठा होत नाही. कबड्डीच्या कोर्टाबाहेरून अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने चढाई टिपणं हा चुकीच्या हत्याराचा वापर आहे.

मिररलेस: हॉलमधल्या खेळासाठी हाच. सोनी ए७एस थ्री आणि फुजीफिल्म एक्स-एच२एस हे ४के १२० आणि १०८०पी २४० देतात, त्यातला सोनी कमी उजेडात फार पुढे आहे. कॅननचा आर६ मार्क टू ४के मध्ये ६० वर थांबतो, पण १०८०पी ला १८० पर्यंत जातो. पॅनासॉनिक जीएच६ १०८०पी ला ३०० पर्यंत नेतो, सेन्सर मात्र लहान. एवढं बजेट नसेल तर १०८०पी १०० आणि १२० देणारी आधीच्या पिढीची एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आणि एफ/१.८ लेन्स ही जोडी हॉलमध्ये नव्या महाग बॉडीवरच्या एफ/५.६ लेन्सला मागे टाकते.

खास हाय-स्पीड कॅमेरे: कॅनडातला क्रोनोस १.४ हा १२८० × १०२४ वर हजाराच्या वर फ्रेम्स घेतो, फँटमच्या वरच्या मॉडेलांत ४के वर हजार मिळतात. चित्रण आतल्या मेमरीत काही सेकंदच मावतं, फाइल्स अवजड होतात आणि उजेड प्रचंड लागतो. बॅट आणि चेंडूचा संपर्कच दाखवायचा असेल तर एक दिवस भाड्याने घ्या, विकत नको.

लेन्सची फोकल लांबी काढायला सूत्र आहे: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले चित्रात हवी असलेली रुंदी. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. पुरुषांच्या कबड्डीचं कोर्ट १३ मीटर लांब, ते १० मीटरवरून पूर्ण हवं तर ३६ × १० ÷ १३, म्हणजे २८ मिलिमीटर. त्याच जागेवरून फक्त चढाईपटू, तीन मीटरच्या चौकटीत, तर १२०. सीमारेषेवरून, ६० मीटरवरून, चार मीटरच्या चौकटीत गोलंदाज पकडायचा तर ५४० लागेल. तेवढी लेन्स घेण्यापेक्षा नेटजवळ आठ मीटरवर उभे राहा, ७२ मध्ये काम होतं. एपीएस-सी असेल तर उत्तराला दीडने भागा. स्लो-मोशनमध्ये क्रॉप होत असेल तर आणखी भागा.

६. पैसे देण्याआधी तीन चाचण्या

दुकानात किंवा भाड्याने एक दिवस आणून या चाचण्या करा. भाडं अनामतीसह लागतं, पण चुकीच्या खरेदीपेक्षा स्वस्त पडतं.

पहिली, फ्रेम्स खऱ्या आहेत का. भिंतीला मोजपट्टी चिकटवा आणि एक मीटर उंचीवरून टेनिसचा चेंडू सोडा. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे १२० वर ५४ फ्रेम्स आणि २४० वर १०८. फाइल संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा. प्रत्येक फ्रेमला चेंडू थोडा खाली गेलेला दिसला पाहिजे. दोन फ्रेम्स सलग सारख्या दिसल्या किंवा चेंडूभोवती भुतासारखी दुसरी कडा दिसली तर त्या फ्रेम्स भरलेल्या आहेत. मोजणी दोनतीनने इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, हात सुटण्याचा क्षण तेवढा पुसट असतो.

दुसरी, तपशील. वर्तमानपत्राचं पान दीड मीटरवर टांगा. आधी साध्या २५ फ्रेम्सवर, मग त्याच जागेवरून १०० किंवा १२० वर आणि मग २४० वर घ्या. छोट्या जाहिरातींची अक्षरं कुठल्या मोडपर्यंत वाचता येतात ते बघा. चौकट किती आत सरकली हेही तिथेच दिसतं, म्हणजे क्रॉपचा अंदाज वेगळा काढायला नको.

तिसरी, फोकस. कुणाला तरी आठ मीटरवरून कॅमेऱ्याकडे पळत यायला सांगा. स्लो-मोशन मोडमध्ये चेहरा शेवटपर्यंत धारदार राहिला का ते मोठ्या पडद्यावर बघा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नाही. स्क्रीनवर सगळंच धारदार दिसतं.

बिलाशिवाय स्वस्तात मिळणारी आयात बॉडी टाळा. वॉरंटी लागते तेव्हाच तिची किंमत कळते.

७. कार्ड आणि बॅटरी

बिटरेट मेगाबिटमध्ये असतो, कार्डाचा वेग मेगाबाइटमध्ये. आठने भागा. गोप्रोचा १२० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १५ मेगाबाइट, त्याला व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारं) कार्ड भरपूर झालं. ६४ जीबीत सुमारे ७० मिनिटं मावतात. मिररलेसमध्ये ४के १२० चा बिटरेट व्ही३० च्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो, तिथे व्ही६० किंवा व्ही९०. चित्रण मध्येच आपोआप थांबत असेल तर पहिला संशय कार्डावर घ्या, त्यातही नकली कार्डावर.

मे महिन्यात उन्हात ठेवलेला अ‍ॅक्शन कॅमेरा ४के १२० वर तापून बंद पडतो, विशेषतः वारा लागत नसेल तर. सलग घेऊ नका, तुकडे घ्या, मधल्या वेळेत बंद करून सावलीत ठेवा.

८. सुरुवातीच्या सेटिंग

हॉलमधली कबड्डी: पाल पद्धत, १०८०पी १०० फ्रेम्स, शटर १/२०० आणि पट्टे आले तर १/१००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओची वरची मर्यादा ६४००. व्हाइट बॅलन्स हाताने पक्का करा, नाहीतर मॅटचा रंग प्रत्येक चढाईला बदलतो. कॅमेरा मध्यरेषेसमोर नको. बोनस रेषेच्या सरळ रेषेत, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर लावा. वरून किंवा तिरक्या कोनातून रेषेवरचा पाय नेहमी फसवतो.

नेटमधली गोलंदाजी, सकाळच्या उन्हात: २४० फ्रेम्स, शटर १/१००० ते १/२०००, फोकस क्रीझवर हाताने पक्का. पुढचा पाय बघायचा तर कॅमेरा पॉपिंग क्रीझच्या रेषेत बाजूला, हाताची उंची बघायची तर फलंदाजाच्या मागे, जाळीबाहेर. जाळी लेन्सला चिकटेल इतकं जवळ गेलात की ती चित्रात दिसेनाशी होते.

कोलाडचं राफ्टिंग: कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडलेलं पाणी मिळतं, त्यामुळे चित्रणही सकाळीच होतं आणि काठाच्या झाडीची सावली पाण्यावर असते. ४के १००, एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी, कारण फेसाळ पाणी पांढरंफटक होऊन जातं आणि नंतर परत येत नाही. कॅमेरा हेल्मेटवर लावला तर फक्त समोरच्याची पाठ दिसते. राफ्टच्या पुढच्या टोकाला, मागे तोंड करून बांधला तर चेहरे मिळतात. पट्ट्याशिवाय दुसरी दोरी बांधाच आणि तरंगणारं मूठदांडं वापरा; गोप्रो पाण्यात पडला की सरळ तळाशी जातो. लेन्सवरचा एक थेंब आठपट हळू केल्यावर पूर्ण दृश्यभर ठाण मांडून बसतो, म्हणून प्रत्येक वेगवान टप्प्याआधी लेन्स पाण्यात बुडवून झटका.

९. एडिट करताना

बहुतेक चुका इथे टाइमलाइनमुळे होतात. १०० फ्रेम्सचं चित्रण २५ च्या टाइमलाइनवर, १२० आणि २४० चं ३० च्या. १०० चं ३० वर टाकलं तर फ्रेम्सचा भाग सरळ जात नाही आणि हालचाल अडखळते. क्लिपचा वेग टक्क्यांनी कमी करण्यापेक्षा क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन तिचा फ्रेम रेटच टाइमलाइनइतका करा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ते क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये आहे, प्रीमियरमध्ये इंटरप्रिट फुटेजमध्ये. मग प्रत्येक खरी फ्रेम एकदाच दिसते, ना गाळली जाते ना दोनदा येते. जुन्या लॅपटॉपवर एचईव्हीसी (जास्त दाबून लहान केलेली) फाइल अडखळत असेल तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी प्रॉक्सी (एडिटपुरती हलकी प्रत) बनवून बघा.

आवाजाचा निर्णयही चित्रणाआधीच घ्या. कॅमेऱ्याच्या खास स्लो-मोशन मोडमध्ये, उदाहरणार्थ सोनीच्या एस अँड क्यू मध्ये, आवाज रेकॉर्डच होत नाही. साध्या मूव्ही मोडमध्ये १०० किंवा १२० फ्रेम्स निवडल्या तर आवाज सोबत येतो आणि फाइल नेहमीच्या वेगानेही वापरता येते. चढाईचा 'कबड्डी कबड्डी' हवा असेल तर साधा मूव्ही मोडच निवडा.